दुखतंय म्हणायचं नाही

"आत गेल्यावर तोंड उघडायचं ते फक्त जीभ दाखवायला," दवाखान्याच्या दारातच मार्लिसनं नवऱ्याला बजावलं.

डेलबर्ट कायपरनं मान हलवली. आयोवातल्या त्या नऊशे वस्तीच्या गावात त्याचं खिळे-रंगांचं दुकान होतं आणि विमा स्वतःच्या खिशातून काढलेला होता. गेले तीन आठवडे शिडीच्या चौथ्या पायरीवर गेलं की कुणीतरी छातीवर सिमेंटचं पोतं ठेवल्यासारखं त्याला वाटत होतं. हे त्यानं फक्त बायकोला सांगितलं होतं. बायको घाबरली होती, पण तिनं विम्याचे कागद वाचलेले होते.

सरकारनं कायदा केला तो भल्यासाठीच. वर्षातून एकदा तपासणी, तीही फुकट. विमा कंपनीनं एक सेंट मागायचा नाही. मात्र ही तपासणी धडधाकट माणसाची. त्यानं चुकून "दुखतंय" म्हटलं की तपासणीचा उपचार होतो, आणि उपचाराचे पहिले सात हजार डॉलर ज्याचे त्यानं भरायचे. मागच्या वर्षी डेलबर्टनं निघता निघता गुडघ्याचा विषय काढला होता. त्या एका वाक्याचे तीनशे चाळीस डॉलर पडले. म्हणून यंदा मार्लिस स्वतः पहाऱ्याला आली होती.

"त्यांना सापडलं तर खर्च त्यांचा, तू सांगितलंस तर आपला," तिनं पुन्हा एकदा समजावलं.

डॉक्टर हूकस्ट्रा तरुण होते आणि ऐकतील ते टाइप करत होते. "काय डेलबर्ट, काही त्रास?"

"तक्रार करण्यासारखं काही नाही."

हे त्या गावचं ठरलेलं उत्तर. मळणीयंत्रात हात अडकलेला माणूससुद्धा हेच सांगतो, त्यामुळे डॉक्टरांना काही कळेना.

"रक्तदाब वाढलाय. दम लागतो का?"

डेलबर्टनं बायकोकडे पाहिलं. बायको भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र बघत होती. "कुणाला?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला."

"मला? छे!" तपासणीसाठी घातलेल्या कागदी झग्यात तो सारखी चुळबुळ करत होता. शेवटी त्याला राहवेना. "डॉक्टर, आमच्या एका शेजाऱ्याचं विचारू?"

मार्लिसनं पर्सचं बक्कल खाडकन लावलं.

"शिडी चढताना त्याच्या छातीवर ओझं येतं. डावा हात भरून येतो. घाम फुटतो."

डॉक्टरांची बोटं थांबली. "कोण शेजारी? नाव काय?"

खोटं बोलायची सवय नसल्यामुळे डेलबर्टला खोटं नाव सुचेना. "गॉर्डन ट्वेट," तो म्हणाला.

"गॉर्डन? तो माझाच पेशंट!" डॉक्टरांनी तिथल्या तिथे फोन लावला.

"मला काय धाड भरलीय? मी गवत कापतोय!" गॉर्डनचा आवाज खोलीभर घुमला.

"डावा हात दुखतो?"

"इकडे या, दाखवतो हात!"

डॉक्टरांनी फोन ठेवला. "सगळे असेच. मरतील, पण कबूल करणार नाहीत." आणि त्यांनी गॉर्डनच्या घरी ॲम्ब्युलन्स धाडली.

खिडकीखालून सायरन गेला तसा डेलबर्ट कासावीस झाला. डॉक्टर बाहेर नर्सशी बोलत होते. "मार्लिस, त्याला उचलतायत गं."

"गप बैस. मी नंतर त्याला कॅसरोल भाजून नेऊन देईन."

"अगं, पण माणूस गवत कापत होता!"

ॲम्ब्युलन्स थांबवायला तो टेबलावरून उडी मारून तसाच कागदी झग्यात निघाला. दोन पावलं टाकली आणि भिंत धरली. चेहरा राखेसारखा झाला.

"डॉक्टर!" मार्लिस ओरडली. पर्स कुठे पडली ते तिला कळलं नाही. "गॉर्डनला काही झालेलं नाही! ह्याचंच आहे सगळं! काय लिहायचं ते लिहा, पण ह्याला बघा!" तीन आठवडे ती दुकानात काही ना काही निमित्त काढून शिडीखाली उभी राहत होती.

छातीला ईसीजीच्या तारा लावल्या, कागद बाहेर आला. डॉक्टरांचा आवाज बदलला. "हार्ट ॲटॅक आहे. आत्ताच्या आत्ता शहरातल्या हॉस्पिटलात. ॲम्ब्युलन्स बोलवा!"

"गावात आहे ती एकच," नर्स म्हणाली. "ती गॉर्डनकडे गेलीय."

पाच मिनिटांत ती दारात आली. आत पट्ट्यांनी बांधलेला गॉर्डन सगळ्यांचा उद्धार करत होता. काय झालंय ते कळल्यावर मात्र तो म्हणाला, "सोडा मला. त्याला घ्या आधी." मग डेलबर्टवर वाकून म्हणाला, "दुखणं माझ्या नावावर घालतोस होय रे? बरा होऊन ये, मग बघतो तुझ्याकडे." बुटांना चिकटलेलं गवत झटकत तो चालत घरी गेला.

गाडी मक्याच्या शेतांतून सुसाट निघाली. चाळीस मैल जायचं होतं. गाडीतल्या मदतनीस मुलीनं विचारलं, "काका, कुठे दुखतंय?"

डेलबर्टनं सवयीनं बायकोकडे पाहिलं. तिनं डोळे पुसले. "सांग."

"छातीत." त्यानं मनाशी हिशेब केला. सात हजार तर गाडी सुरू झाली तेव्हाच संपले होते; आता पुढचं सगळं विमा कंपनीचं. "डाव्या कानात शिट्टी वाजते. खांदा वर जात नाही. मिरचीनं पित्त होतं. अंगठ्याचं नख—"

"काका, आत्ता फक्त छातीचं सांगा."

"लिहून घे गं तू," मार्लिस त्याचा हात घट्ट धरत म्हणाली. "आणि डेल, पाठीचं राहिलं. ते सांग."