चाक कोणी चढवलं?

निर्मलाबाईंच्या नजरेतून चोर सुटला, असं कुडवा गावात आजवर घडलं नव्हतं! दह्यावरची साय मांजरीनं खाल्ली की माणसानं, हे त्या भांड्याकडे न बघता घरातल्या तोंडांकडे बघून सांगत. गल्लीत कोणाची बादली हरवली तर लोक आधी त्यांच्या दारात येत.

"मानूस फक्त दोन मिनिटं माझ्यासमोर बसवा," त्या म्हणत. "बाकी मी पाहून घेते."

म्हणत त्या अगदी हळू आवाजात. आवाज चढवायचा नाही आणि खोटं बोलायचं नाही, हे त्यांचे बारमाही नेम होते. बाकीचे नेम वाराप्रमाणे आणि तिथीप्रमाणे. पहाटे पाचला अंघोळ, मग पूजा, मग एकशे आठ मण्यांचा जप आणि शेवटी घरातल्या प्रत्येक कष्टाळू वस्तूला टिळा. गॅसच्या शेगडीला टिळा, शिलाई मशीनला टिळा, स्कूटीला टिळा. घरात राबणाऱ्यांपैकी टिळा मिळत नसे तो फक्त त्यांचे यजमान इंद्रकुमार यांना, कारण त्या वेळी ते तोंडावर पांघरूण घेऊन घोरत असत.

त्यांचा मुलगा हिमांशु दिवसा मोबाइलच्या दुकानात बसायचा आणि उरलेल्या वेळात मागच्या खोलीत संगीत बनवायचा. संगीत म्हणजे एक लॅपटॉप, दोन स्पीकर, एक माइक आणि हातभर लांबीचा कीबोर्ड. त्या कीबोर्डला टिळा लावायला निर्मलाबाई पहिल्याच दिवशी गेल्या, तेव्हा लेकरू किंचाळलं होतं.

"आई! पांढऱ्या पट्ट्यायवर कुंकू नोको! अक्षता आत गेल्या तं मशीन खतम!"

आता घरातल्या एका वस्तूला टिळा आणि दुसरीला नाही, हा भेदभाव देवाला चालेल का? निर्मलाबाईंनी तोड काढली. कीबोर्डच्या डाव्या टोकाला एक काळं रबरी चाक होतं. त्या काळ्या चाकाला काळा बुक्का! लेकराची कटकट नाही आणि वस्तूचा मानही राहिला.

तर त्या शुक्रवारी आमगावला भजन स्पर्धा होती. निर्मलाबाईंच्या मंडळात अकरा बाया आणि एकच पुरुष, पेटीवाले मुन्नालाल. चौकातली मसाल्याची चक्की त्यांचीच. वीस वर्षं ते चक्कीवर मिरची दळत आणि मंडळात पेटी वाजवत. मंडळ तीन वर्षं सतत दुसऱ्या नंबरावर अडकलेलं. यंदा पहिला आणायचाच, म्हणून हिमांशुनं सोमवारी सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं.

"हे पाहा," तो म्हणाला, "लॅपटॉपमंदी मी चार वाद्यं लावली. तानपुरा, बासरी, व्हायोलिन आणि मंदिराच्या गाभाऱ्यासारखा घुमणारा आवाज. आता हे चाक मी हळूहळू वर नेतो."

त्यानं काळं चाक एका बोटानं वर ढकललं. बासरी थरथरू लागली, व्हायोलिन चढलं, तानपुरा उघडला, गाभारा घुमला. चारही एकदम! अकरा बायांच्या अंगावर काटा आला.

"या चाकातून आवाज निघत नाही, आई. नुसते आकडे निघतात. शून्यापासून एकशे सत्तावीसपर्यंत. तेच आकडे चौघांकडे एकदम जातात. आणि हे चाक आपोआप खाली येत नाही हं, सोडलं तिथंच राहते."

"एकशे सत्तावीस कायले?" निर्मलाबाई म्हणाल्या. "एकशे आठ पुरे झाले असते."

मुन्नालाल मात्र आपल्या बोटांकडे बघत होते. मग सावकाश म्हणाले, "एका बोटानं चार वाद्यं? आमी वीस वर्षं दहा बोटं घासून राहिलो ना बापा."

"काका, खरं सांगू? यंदा पेटी नसली तरी चालते," हिमांशु बोलून गेला.

मुन्नालालच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. निर्मलाबाईंनी ते टिपलं, आणि मनात गाठ मारून ठेवलं!

मंगळवारी तालीम. शांत सुरुवात व्हायची, म्हणून हिमांशुनं चाक आदल्या रात्रीच शून्यावर ठेवलेलं. लॅपटॉप चालूच ठेवलेला, कारण चारही वाद्यं उघडायला त्याला भात शिजण्याइतका वेळ लागे. नीतूनं, म्हणजे मंडळाच्या मुख्य गायिकेनं, डोळे मिटून सूर लावला आणि हिमांशुनं पहिली पट्टी दाबली.

बापरे! बासरीला हिवताप भरला, व्हायोलिननं ट्रकसारखा ब्रेक मारला, तानपुरा धानाच्या मळणीयंत्रासारखा धडधडला, आणि गाभाऱ्यात शंभर माणसं एकदम पडल्यासारखा दणका उठला! नीतू डोळे न उघडताच दाराबाहेर पोहोचली.

"व्हायरस आला," हिमांशु म्हणाला. त्यानं दुकान बुडवून दिवसभर लॅपटॉप धुऊन काढला.

बुधवारी पुन्हा तोच प्रकार! या वेळी मात्र हिमांशुचं लक्ष कीबोर्डकडे गेलं आणि तो पांढराफटक पडला.

"व्हायरस नाही, आई. चाक पूर्ण वर हाय. राती मी स्वतः खाली केलं होतं. कोणीतरी मुद्दाम चढवून ठेवून राहिलं!"

त्यानं घरातल्या सगळ्यांना विचारलं. इंद्रकुमार पेपरमागून म्हणाले, "मले तं त्या खोलीचा लाइटही लावता येत नाही." निर्मलाबाईंनी तर देव्हाऱ्याकडे हात करून सांगितलं, "मी हात लावला नाही." आणि त्या खरंच खोटं बोलत नव्हत्या. हात लावणं वेगळं, टिळा लावणं वेगळं! देवाच्या कामाला कोणी हात लावणं म्हणतं का?

"घरातलं कोणी नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मग बाहेरचं कोण येते? सकाळी नऊ वाजता, चक्की उघडायच्या आधी, चहा प्यायले?"

"मुन्नालालकाका? छ्या!"

"पेटी नसली तरी चालते, असं कोण म्हणे? तूच ना? त्याईचा चेहरा पाह्यला होता का तू? मी पाह्यला."

त्या संध्याकाळी निर्मलाबाईंनी सापळा लावला. चाकावर आणि चाकाच्या खाचेत चिमूटभर हळद भुरभुरली. जो चाक चढवेल त्याचं बोट पिवळं! गुरुवारी पहाटे टिळा लावताना सापळा थोडा विस्कटला खरा. पण त्यांनी लगेच वरून ताजी हळद टाकून तो पूर्ववत केला. त्यांचं स्वतःचं बोटही पिवळं झालं. पण त्यांचं बोट पूजेमुळे बाराही महिने पिवळंच!

नऊ वाजता मुन्नालाल आले. चहाचा कप घेतला. निर्मलाबाईंनी कपाकडे बघितलं नाही, बोटांकडे बघितलं. पिवळी! एक नाही, पाचही!

"हिमांशु!" आवाज न चढवण्याचा नेम असल्यामुळे ही हाक त्यांनी कुजबुजून मारली, आणि त्यामुळे ती जास्तच भयानक वाटली. "चाक पाहून ये!"

हिमांशु धावत जाऊन आला. "वर हाय! पूर्ण वर!"

"मुन्नालालभाऊ," निर्मलाबाई म्हणाल्या, "हात दाखवा."

"काऊन भाभीजी? भविष्य पाहता का?"

"ही हळद कोणाची?"

मुन्नालालनी आपल्या हाताकडे बघितलं, मग निर्मलाबाईंकडे. "भाभीजी, माझी मसाल्याची चक्की हाय. काल पन्नास किलो हळद दळली मी. माझ्या कानातही हळद निघन!"

"मी ओळखते," निर्मलाबाईंनी नाक पुढं नेऊन हुंगलं. "चक्कीची हळद वेगळी आणि माझ्या घरची वेगळी. हा माझ्या डब्याचा वास हाय."

"तुमचा डबाही मीच दळून देल्लो ना जी!"

पण निर्मलाबाई आता थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सगळं सांगितलं. चाक, सापळा, सोमवारी चेहऱ्यावरून सरकलेलं ते काहीतरी. मुन्नालालचा चहा हातातच थंड झाला. कप खाली ठेवून ते उठले.

"वीस वर्षं," ते म्हणाले. "तुमच्या मंडळात पेटी वाजवून राहिलो, कधी नारळाशिवाय काही घेतलं नाही. आता चोर ठरलो. उद्या आमगावले दुसरा पेटीवाला पाहा!" आणि चपला पायात नीट न घालताच ते निघून गेले.

बातमी अर्ध्या तासात अकराही बायांच्या घरी पोहोचली. नीतूनं निरोप धाडला, "पेटी नाही तं मी गात नाही. माझा सूर पेटीच्या आधारानं चालते." म्हणजे पेटीही गेली आणि गळाही गेला! स्पर्धा एका दिवसावर! निर्मलाबाई दिवसभर माळ घेऊन बसल्या, पण मणी पुढे सरकेनात.

"आई," संध्याकाळी हिमांशु म्हणाला, "काकाइवर एवढा आळ घेतला, तं पक्का पुरावा पायजे. हे सॉफ्टवेअर चाकाचा एकेक आकडा लिहून ठेवते. किती वाजता, किती वर, सगळं. मी रात्रभर रेकॉर्डिंग चालू ठेवतो. माइकही चालूच राहू देतो."

"ठेव," निर्मलाबाई म्हणाल्या. "जगालेही दिसू दे."

शुक्रवारी सकाळी दहाला सगळं मंडळ जमलं. मुन्नालालही आले. येत नव्हते, पण हिमांशु म्हणे पाया पडून घेऊन आला. ते दाराशीच उभे राहिले, घडी घातलेल्या छत्रीसारखे. निर्मलाबाई मधोमध बसल्या, न्यायाधीशासारख्या. कधी नव्हे ते इंद्रकुमारही पेपर सोडून आले.

हिमांशुनं पडद्यावर रेघ दाखवली. रात्रभर रेघ सपाट होती, तलावाच्या पाण्यासारखी. मग एका ठिकाणी ती एकदम चढली. शून्यापासून थेट एकशे सत्तावीस!

"किती वाजता?" नीतूनं विचारलं.

हिमांशु घुटमळला. "पाच वाजून चाळीस मिनिटं."

पाच चाळीसला मुन्नालाल आपल्या घरी असतात. पाच चाळीसला सगळं कुडवा झोपलेलं असतं. जागं असतं कोण?

"माइकचं लावू का?" हिमांशुनं विचारलं, आणि कोणी नको म्हणायच्या आत लावलं.

स्पीकरमधून बांगड्या वाजल्या. मग निर्मलाबाईंचा मंद, गोड आवाज आला.

"देवा, या पेटीवाल्या मशीनले सुखी ठेव. मुन्नालालभाऊनं केलं ते केलं. तू त्यायले माफ कर, मी तं केलंच हाय. पण ते सोडून गेले तं आमचं कसं व्हईल? नीतूचा सूर एकट्यानं सांभाळणं तुलेही जमणार नाही, देवा!"

आणि मग चाकाचा बारीकसा कर्रर्र आवाज.

निर्मलाबाईंनी आपल्या बोटाकडे बघितलं. टिळा नेहमी खालून वर लावायचा असतो. कपाळ असो, शेगडी असो, चाक असो. खालून वर! रोज, न चुकता, पाच चाळीसला!

"काकू!" नीतू ओरडली. "माझा सूर देवालेही जमणार नाही?"

पण सगळ्यांचं लक्ष मुन्नालालकडे होतं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग थरथरला. निर्मलाबाईंना वाटलं, आता माणूस रडणार. आणि मुन्नालाल दाराची चौकट धरून हसत सुटले.

"भाभीजी! चाक तुमीच चढवलं, आणि माफही मलेच केलं?"

निर्मलाबाई उठल्या. सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले. "चुकलं भाऊ. मी सगळ्यायचे चेहरे पाह्यले, माझा तेवढा राहून गेला." डोळ्यांतून खरंच पाणी आलं. "उद्यापासून कोणावरच संशय घेणार नाही, हा माझा नेम."

"उद्यापासून कायले? आजपासून घ्या ना," मुन्नालाल म्हणाले. "आणि पेटी मी वाजवतो. पण ते चाक तुमीच फिरवायचं. तुमचा हात बसला हाय!"

तर आमगावला मुन्नालालनी पेटी वाजवली, नीतू रागारागानं इतकी सुरात गायली की तिची तीच दचकली, आणि कळसाच्या ओळीला निर्मलाबाईंनी चाकाला खालून वर असा टिळा लावला की पटांगणातली माणसं उठून उभी राहिली. नंबर दुसराच आला. पहिला नंबर परीक्षकांच्या भाचीच्या मंडळाचा आला. त्याबद्दल निर्मलाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. नेमच तसा होता. फक्त परतीच्या वाटेवर त्यांनी दात फार आवळून धरले होते.

इंद्रकुमार मात्र गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. घरी आल्यावर त्यांनी विषय काढला.

"मी ते पूर्ण रेकॉर्डिंग ऐकलं. हिमांशुकडून मागून घेतलं."

"बरं मग?"

"चाकाच्या आधी अर्धा तास माइकमंदी बाजूच्या देव्हाऱ्यातली तुमचीच पूजा हाय. मुन्नालालचं नाव सात वेळा. नीतूचं चार वेळा. शेजारच्या म्हशीचं दोन वेळा! माझं एकदाही नाही. चौतीस वर्षं झाली लग्नाले!"

"अहो, तुमचं मी मनातल्या मनात मागते."

"हौ का? शेवटी दोन मिनिटं नुसते ओठ हलल्याचा आवाज येऊन राहिला. तेच का ते? काय मागता? काऊन लपवून मागता?"

"देवाजवळचं सांगायचं नसते," निर्मलाबाई म्हणाल्या.

इंद्रकुमार तोंडावर पांघरूण ओढून झोपले. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता न्हाणीघरात पाणी पडल्याचा आवाज आला, आणि निर्मलाबाई देव्हाऱ्यासमोर बसतात न बसतात तोच शेजारी पाट सरकला. ओल्या केसांचे इंद्रकुमार मांडी घालून बसले!

निर्मलाबाईंचे डोळे भरून आले. चौतीस वर्षं त्या दोन मिनिटांत त्यांनी दुसरं काय मागितलं होतं? 'यायले एकदा तरी पूजेले बसव' एवढंच तर मागणं!

मग त्यांच्या लक्षात आलं की यजमानांचे डोळे मिटलेले नाहीत, हात जोडलेले नाहीत, आणि त्यांचा उजवा कान इंचाइंचानं आपल्या तोंडाकडे सरकतो आहे. कानापाठोपाठ आदल्या रात्रीच्या कांद्याचा वास.

निर्मलाबाईंनी घाईघाईनं डोळे मिटले, ओठही हलू न देता मनातल्या मनात नवं मागणं मांडलं.

'देवा, दिलंस, उपकार झाले. पण रोज नको. सोमवार पुरे.'