चढता भाव

आमचे शेजारी सावळेरामअण्णा रोज सकाळी ओट्यावर उभे राहून आपल्या शेअरचा भाव जाहीर करत. भाव तेच ठरवत. झोप चांगली लागली असेल, तर दोन रुपये जास्त.

राजूरच्या बाजारात काही जणांनी मिळून गाळ्यांची इमारत बांधली होती. तिच्यात अण्णांचा एक शेअर. भाडं वाटून घ्यायचं ठरलं होतं, पण ते दर वर्षी पत्र्यांच्या दुरुस्तीतच जाई. शेअर विकायचा तर दुसऱ्या भागीदारालाच, असा नियम. आणि भागीदार सगळेच विकायला बसलेले.

"भाव हाय," अण्णा म्हणत. "घेनारा न्हाई, येवढंच."

दुष्काळात बैलांचे भाव पडले. अण्णांचा शेअर चढला. त्यांची बायको, भीमाकाकू, शेळी बाजारात घेऊन गेल्या आणि घटकेत विकून आल्या. अण्णांनी तोंड वाकडं केलं. "चटकन गेली ना? हलका माल!"

"मग तुमचा भारी माल खा भाकरीसंगं," काकू म्हणाल्या.

पुढे काकूंना मोतीबिंदू झाला. चुलीतला जाळ दिसेना, दोनदा हात भाजला. नगरला ऑपरेशन करायचं, तर विकण्यासारखा आता शेअरच उरला होता. आमच्या ह्यांना सोबत घेऊन अण्णा भागीदारांची दारं हिंडले. प्रत्येकाने चहा दिला आणि आपलाच शेअर पुढे केला. शेवटी एक जण तयार झाला, पण मूळ रकमेच्या निम्म्यात. ह्यांना वाटलं, अण्णा आता ताडकन उठणार. अण्णांनी हात पुढे केला. "आन."

ऑपरेशन झालं. काकूंच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी. सोबतीला मी होते.

"शेअर कसा गेला, ते सांगितलंच न्हाई तुमी," काकू म्हणाल्या.

"चढ्या भावानं! घेनाऱ्यानं वर नारळ दिला."

मी खाली बघितलं.

"पुन्यांदा सांगा की."

अण्णांनी पुन्हा सांगितलं. आता नारळाबरोबर फेटाही आला. मग खुशीत ते चहा आणायला गेले.

काकूंनी माझा हात चाचपून धरला. "स्वस्तात घालवला ना गं?"

मला खोटं बोलता येत नाही, आणि खरंही.

"ऱ्हाऊ दे," काकू म्हणाल्या. "पट्टी सुटली की आनखी एकदा सांगायला लावते. फुशारकी मारताना त्यांचं तोंड कसं दिसतं, ते लई दिवसांत बघितलं न्हाई."