माझ्या केसांतला सुरुंग

"मॅडम, बॉम्ब फोडून आल्यावर शाम्पूनं केस धुतले, तरी माणूस सापडतो का?"

हा प्रश्न विचारायची पैज माझ्या वर्गातल्या शितल आणि भाग्यश्रीनं लावली होती. त्यांना वाटलं, माझी, म्हणजे तेजश्रीची, बोबडी वळणार! पण मी हल्ली कुणाला घाबरत नाही. शिवाय पुण्याची फॉरेन्सिक लॅब बघायला शाळेतून एकच मुलगी जाणार होती, आणि ती मीच, हे मी अख्ख्या कारेगावला सांगून ठेवलं होतं.

त्याच लॅबमधून आमच्या शाळेत व्याख्यानाला आलेल्या सारिका मॅडम खूश झाल्या. "धुतले तरी थोडं उरतं. स्फोटकांचे कण केसांना चिकटतात. ये, करून दाखवते."

मी ऐटीत स्टेजवर गेले. मॅडमनी माझ्या केसांवरून कापूस फिरवला, त्यावर बाटलीतल्या रसायनाचे दोन थेंब टाकले.

कापूस गुलाबी झाला!

मॅडमचं हसू मावळलं. "गुलाबी म्हणजे स्फोटकाचे कण! काल कुठं होतीस गं?"

"घरीच! आमच्या विहिरीला सुरुंग लावले ना. सुरुंगवाल्या गेणबामामांची टोपी घालून मी फोटो काढला. पण आज सकाळी न्हाले की!"

"सुरुंग?" मोठे सर ओरडले. "तुझं पुणं रद्द! वडलांना फोन लावा!"

शितल फिदीफिदी हसली. मॅडमनी तिचेही केस पुसले. गुलाबी! भाग्यश्री? गुलाबी! पहिली रांग संपेस्तोवर टेबलावर जत्रेतल्या बुढ्ढी के बालचा ढीग!

"ही तर टोळीच आहे!" सरांना घाम फुटला.

तेवढ्यात आप्पा, म्हणजे माझे वडील, चिखलाच्या पायांनी आत आले. "काय उडवलं हिनं? कुणाला लागलं न्हाई ना?"

आता पुणं तर गेलंच होतं, वर घरी मारही होता. डोकं चालवणं भाग होतं! "मॅडम, पाहुणे येणार असले की आमच्या वर्गात एकच कंगवा फिरतो. आज माझा फिरला. काल टोपी काढल्यावर मी त्यानंच विंचरलं होतं!"

"थापा!" सर म्हणाले. "पुरावा काय?"

"सर... मघाशी मॅडमबरोबरच्या फोटोआधी तुम्हीपण तो कंगवा घेतला होता."

सरांच्या टकलावरून आडव्या घेतलेल्या चार केसांवर मॅडमनी हलकेच कापूस टेकवला.

गुलाबी!

मॅडम टेबल धरून हसल्या. "कण कुठून कुठं गेला, हे शोधणं म्हणजेच आमचं काम. सर, पुण्याला हीच पोरगी पाठवा."

"पाठवतो," सर पुटपुटले. "तेवढा माझा कापूस टाकून द्या."

घरी पोचताच मी जाहीर केलं, "आई, आप्पा, ठरलं! मी फॉरेन्सिकमध्ये जाणार!"

"जा की," आई भाकरी थापत म्हणाली. "त्याला विज्ञान लागतं म्हंत्यात. चाचणीत किती पडलं तुला?"

आप्पांनी भुवया वर केल्या. मी घसा साफ केला.

"आई, आप्पा, अजून एक ठरलंय. उद्यापासून मी विज्ञानाची शिकवणी लावतीय."