चंपतरावांचा कूलर

चंपतराव पौषात गेले, आणि चैत्र सरता सरता त्यांचा कूलर आपोआप सुरू व्हायला लागला.

पहिल्या दिवशी त्यांच्या पत्नी यमुताई स्वयंपाकघर आवरून ओट्यापाशीच भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. दुपारचा एक वाजून गेला होता. पुढच्या खोलीतून घर्र घर्र असा ओळखीचा आवाज आला आणि ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरला. त्या धावत गेल्या. भिंतीवरचं बटन बंद, आणि कूलर मजेत चालू! यमुताई किंचाळल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि "आले का?" एवढंच विचारलं.

ही गोष्ट त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर सालची. तेव्हा धरमपेठेतल्या त्या गल्लीत कूलर मोजून दोन. त्यातला एक चंपतरावांनी स्वतःच्या हातांनी बनवलेला. रेल्वेत डब्यांमधले दिवे आणि पंखे दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. पत्रा ठोकून, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांनी तो खिडकीत बसवला होता. दुपारी घरी असले की जेवण झाल्यावर स्वतः बटन दाबून ते यमुताईंना हाक मारत. ते गेल्यावरही यमुताई रोज सकाळी टाकीत दोन बादल्या पाणी ओतायच्या. सवयच तशी होती. बटन मात्र त्यांनी एकदाही दाबलं नाही. एकटीसाठी कशाला, असं त्यांचं म्हणणं.

ही बातमी शेजारच्या भैयाजींना कळली आणि तिथेच सगळं बिघडलं. भैयाजींचं किराणा दुकान होतं आणि गल्लीतल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं एक ठाम मत असे.

"वहिनी, हे साधं काम नोहे," ते म्हणाले. "चंपतरावाचा जीव अटकून राहिला इथं."

"अटकून कायले राहीन? त्याहिचं घर आहे. राहून राहिले," यमुताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भैयाजी सहकुटुंब दर्शनाला आले. तिसऱ्या दिवशी अकरा जण आले, पाचव्या दिवशी एकवीस. येताना लोक चटया आणू लागले, मग उशा. कूलर सुरू झाला की सगळे हात जोडत आणि पाचच मिनिटांत आडवे होत. साडेतीन वाजेपर्यंत त्या खोलीत इतकी घोर भक्ती चाले की घोरण्याचा आवाज चौकापर्यंत जाई. ज्यांच्या घरी साधा पंखाही नव्हता, त्यांची श्रद्धा सगळ्यात आधी बसली, यात नवल नाही. सहाव्या दिवशी भैयाजींनी मोगऱ्याचा हार आणून कूलरच्या जाळीला अडकवला. पंखा फिरला, हार आत ओढला गेला आणि खोलीभर पाकळ्या उडाल्या.

"पुष्पवृष्टी!" भैयाजी ओरडले. झोपलेले उठून बसले.

या गर्दीत एकच माणूस कोपऱ्यात मांडी घालून काहीतरी लिहीत होता. ते समोरच्या घरातले मनोहरराव मास्तर, हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. मास्तरांची एक खोड होती. कुणी भुताची गोष्ट सांगितली तर ते हसत नसत आणि मानही डोलवत नसत. खिशातून वही काढून "किती वाजले होते?" असं विचारत. त्यामुळे देवभोळे लोक त्यांना नास्तिक समजत आणि शाळेतले इतर मास्तर अंधश्रद्धाळू. त्या दिवशी त्यांनी लिहिलं, "एक वाजून बारा मिनिटे. पुष्पवृष्टी. कारण, हार."

"मास्तर, तुमचा इश्वास आहे का नाही, एकदाचं सांगा ना!" भैयाजी वैतागले.

"मी नाही म्हणत नाही भैयाजी, अन् हो बी म्हणत नाही. मी पाहून राहिलो."

"पाहायचं काय त्याच्यात? रोज नेमका एकाले सुरू होते."

मास्तरांनी वही चाळली. "काल बाराला दोन मिनिटं कमी होती. परवा एक वाजून वीस. नेमका कुठं?"

"माणूसच होता तो, थोडं मागंपुढं होनारच," भैयाजी म्हणाले. मास्तरांनी तेही लिहून घेतलं.

त्यांनी शाळेतला थर्मामीटर आणून खिडकीबाहेर टांगला. भैयाजींनी त्यालाही कुंकू लावलं.

उडत उडत ही कथा भोपाळला पोचली. तिथे यमुताईंचा मुलगा आनंदराव नोकरीला होता. आपल्या आईच्या घरी भूत येतं आणि ती त्याच्यासाठी पाणी भरते, हे ऐकून तो शनिवारच्या गाडीने आला, तो सोमवारची परतीची दोन तिकिटं खिशात घालूनच.

"आई, तू माह्यासंग चाल. एकटी राहून तुह्या डोक्यावर परिणाम झाला."

"मी एकटी नाही ना रे बापा."

"हेच! हेच म्हणून राहिलो मी!"

यमुताईंचे डोळे भरून आले. या घराच्या भिंतींत त्यांची बत्तीस वर्षं गेली होती. शेवटी त्याच म्हणाल्या, "मास्तर खोटं बोलत नाही. ते म्हणतीन की नुसता बिघाड आहे, तं मी येतो तुह्यासंग. पन ते म्हणतीन की तुहे बाबा सुरू करतात, तं मले इथून हलवायचं नाही."

आनंदरावाने लगेच मान्य केलं. विज्ञानाचा मास्तर भुताच्या बाजूने बोलणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मास्तरांना मात्र हे कळल्यावर रात्रीचं जेवण गेलं नाही. त्यांच्या बायकोने, प्रेमलताबाईंनी, "एकदा खोटं बोलल्यानं काही बिघडत नाही," असं बजावून पाहिलं. ते नुसते वही उलटत बसले.

रविवारी तीस-पस्तीस जण जमले. एक वाजला. दीड वाजला. दोन वाजले. कूलर ढिम्म. घामाने निथळलेले भक्त एकमेकांकडे पाहू लागले.

"मुलानं अविश्वास दाखवला, म्हणून चंपतराव रुसले," भैयाजींनी जाहीर केलं.

"रुसले नाही. कधी आलेच नव्हते," आनंदराव म्हणाला. "आई, पेटी भर."

यमुताई उठल्या. त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली. मास्तर मात्र खिडकीतून आभाळाकडे पाहत होते. सकाळपासून ढग आले होते. त्यांनी थर्मामीटर वाचला, वहीची पानं भराभर मागे उलटली आणि ते ओरडले, "आनंदा, थांब! पारा अडतीसवर आहे. थर्मामीटर लावल्यापासून जेव्हा जेव्हा कूलर सुरू झाला, तेव्हा तो चव्वेचाळीसच्या वर होता. तुही गाडी उद्या तीनची आहे ना? मले उद्या दीड वाजेपर्यंत वेळ दे."

सोमवारी ऊन असं तापलं की गल्लीतली कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसली. मास्तर घराबाहेरच्या बाजूने स्टुलावर चढले. कूलरच्या पत्र्यावर, थेट उन्हात, एक चपटी डबी बसवलेली त्यांना दिसली. त्यांनी झाकण काढलं. आत बोटभर लांबीची धातूची पट्टी होती. बटनाला वळसा घालून आलेली एक वायर तिच्यापर्यंत पोचली होती. ऊन चढत गेलं, तशी पट्टी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू वाकली आणि समोरच्या खिळ्याला टेकली. आत घर्र घर्र सुरू झालं. घड्याळात एक वाजून सहा मिनिटं झाली होती.

"पाहा," आनंदराव म्हणाला. "बिघाड! निघाला ना बिघाड?"

यमुताई जवळ येऊन पट्टी न्याहाळत होत्या. "ही तं आपल्या इस्त्रीतली आहे. दिवाळीपासून इस्त्री एकतर तापत नाही, नाहीतर कपडे जाळते. मी म्हणून राहिली होती ह्याहिले, का इस्त्री पाहा. तं हे आपले हसत अन् कूलर उघडून बसत."

"काहून पन?" आनंदरावाने विचारलं.

"मले काय माहीत? म्हणत, यमे, तू मोठी हट्टी आहे. मी नसलो का तू बटन नाही दाबायची, तशीच उकडत बसशील."

मास्तर स्टुलावरून खाली उतरले. पट्टीकडे बोट दाखवत ते म्हणाले,

"इस्त्रीत ही पट्टी तापली का करंट तोडते. त्याहिनं घासून पातळ केली, अन् उलटी बसवली, म्हणजे ऊन तापलं का करंट जुळला पाहिजे. हा बिघाड नाही आनंदा. बिघाड असा मोजूनमापून होत नाही. तुमचा सवाल हाच होता ना, कूलर कोण सुरू करते? मी सगळं तपासून सांगतो. चंपतराव सुरू करतात."

"मी पहिल्या दिवसापासून काय सांगून राहिलो होतो?" असं म्हणत भैयाजींनी दारातच नारळ फोडला.

आनंदराव आत गेला. बॅग भरलेली होती, आईची पेटीही भरलेली होती. टांगा यायला अजून अवकाश होता, म्हणून तो पाच मिनिटं कूलरपुढे टेकला. लहानपणी याच जागी बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून तो झोपत असे. वाळ्याचा गार वारा तोंडावर आला आणि त्याचा डोळा लागला. यमुताईंनी बाहेर जाऊन टांगेवाल्याला परत पाठवलं, मग आत येऊन मुलाच्या पायांवर चादर टाकली आणि चंपतराव गेल्यानंतर पहिल्यांदाच स्वतःही कूलरपुढे आडव्या झाल्या.

आनंदराव जागा झाला तेव्हा साडेचार वाजले होते.

"आई! गाडी गेली ना माही! उठवलं काहून नाही?"

"तुहे बाबा झोपवून राहिले होते तुले. मी कशी उठवू?"

तो त्या फिरत्या पात्यांकडे पाहत उठून बसला. मग नाक पुसत म्हणाला, "उद्या एकच तिकीट काढतो."

"काढजो," यमुताई म्हणाल्या. "आता ऊन उतरलं का ते बंद करतीन. तवरिक पडून राह्य."