लाल नळाची कार्यक्षमता

पाणी तापवल्याशिवाय माणूस सुधारत नाही, आणि एकदा सुधारला की तापवायचं थांबत नाही.

१. पार्श्वभूमी

ओमानच्या अल खौदमधल्या त्या आठ बिऱ्हाडांच्या इमारतीत, तळमजल्याच्या अंधाऱ्या खोलीत, एक जुनाट गॅस गीझर होता. टाकीवरचं ऊबदार अस्तर केव्हाच गळून पडलेलं. थंडीत (म्हणजे लोक हौसेने स्वेटर घालतात त्या दिवसांत) तो पाणी तापवायचा. चौदा एप्रिलची जयंती झाली, की त्याची ज्योत विझवत, आणि तिथून पुढे कारभार उलटा चाले. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाने अंग भाजेल इतकं तापून निळ्या नळाला येई. विझलेल्या गीझरमध्ये सावलीत निवलेलं पाणी लाल नळाला. म्हणून उन्हाळाभर लाल म्हणजे गार आणि निळा म्हणजे गरम. आखातात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पाहुण्याला सांगतात, तेही तो एकदा पोळल्यावर.

देवानंदच्या घरात या लाल नळावर एक जीव अवलंबून होता. स्नेहल, सहा महिन्यांची. मानेवर, पाठीवर घामोळं. लाल नळाचं पाणी अंगावरून गेलं, की पोरगी झोपे. ती झोपली, की तिची आई सुलोचना झोपे. आणि सुलोचना झोपली, की देवानंदला घरात मत असे.

२. समिती

२०१६च्या मे महिन्यात अर्बाबने, म्हणजे इमारतीच्या मालकाने, विचारलं, "गॅस गीझर काढून हीट पंप बसवू का? इंजिनीअर तुम्ही लोक. ठरवा आणि सांगा. खलास."

देवानंद वातानुकूलनाचा इंजिनीअर, म्हणून अध्यक्ष तोच. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो आणि उरलेली गार हवा परत बाहेर सोडतो, हे त्याने समजावलं. ओमानच्या हवेत उष्णतेचा तुटवडा नाही, असा ठराव पहिल्याच बैठकीत एकमताने झाला.

मग घरोघर प्रश्नावली गेली. प्रश्न एकच: गीझरचं पाणी सर्वात जास्त कोणत्या महिन्यात लागतं?

आठही घरांनी लिहिलं: जून.

कोणी खोटं बोललं नव्हतं. जूनमध्ये लोक गीझरच्याच पाण्यावर जगत. त्यावरून समितीने निष्कर्ष काढला, की रहिवाशांची गरम पाण्याची निकड जूनमध्ये कळसाला पोचते. (हा निष्कर्ष काढताना देवानंद सकाळीच लाल नळाखाली बसून आला होता. पण घरातला नळ वेगळा आणि बैठकीतला नळ वेगळा. जो माणूस या दोन्हींची गल्लत करतो, त्याला अध्यक्ष करत नाहीत.)

४. हिशेब

(तिसऱ्या कलमात हरकती येणार होत्या. आल्या नाहीत.)

जूनमध्ये गीझरचं पाणी भरपूर, गॅस मात्र शून्य. देवानंदने पाण्याला गॅसने भागलं. शून्याने भागल्यावर कार्यक्षमता अनंत येते. जगातल्या कुठल्याही यंत्राला न जमलेली गोष्ट तळमजल्यावरच्या त्या गंजक्या टाकीने जमवली होती. पण संगणकाच्या रकान्यात अनंत मावेना. तिथे 'चूक' असं उमटलं. अहवालात चूक शोभत नाही म्हणून तिथे शून्य घातलं.

गॅस गीझर: शून्य. हीट पंप: साडेतीन. निर्णय आपोआप झाला.

शेजारचे महमूदभाई मूळचे रत्नागिरीचे, जवळच्या बरका गावात त्यांचं किराणा दुकान. ते जिन्यात भेटले.

"काय हो देवानंदभाय, जूनात पाणी तापवायचा मशीन? मग आता समुद्राखाली पण एक शेगडी लावा की!"

"महमूदभाई, प्रश्न पाणी तापण्याचा नाही, कार्यक्षमतेचा आहे."

"मग बैठकीत असा मराठीत सांगायचा ना! आम्ही हात वर करून मोकळे झालो."

घरी सुलोचना एवढंच म्हणाली, "अहो, पण लाल नळाचं काय होणार?"

"त्याला आता चोवीस तास गरम पाणी येणार," देवानंद अभिमानाने म्हणाला. मग त्याने लाल नळाकडे एकदा पाहिलं. पण ऑर्डर गेली होती.

५. अंमलबजावणी

पंप उत्तम होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही नळांना वाफाळतं पाणी येऊ लागलं. स्नेहलचं घामोळं पोटापर्यंत पसरलं. सुलोचनाने तरातरा खाली जाऊन पंपाचं बटण बंद केलं. पण नव्या टाकीला असं जाडजूड अस्तर होतं, की आत गेलेली उष्णता बाहेर यायचं नाव घेईना. शिवाय गच्चीवरून येणारं पाणी मुळातच उकळायच्या बेतात. लाल नळ तापलेलाच राहिला. आणि वरून खुदेजाभाभींचा, म्हणजे महमूदभाईंच्या बेगमेचा, आवाज आला:

"पंप कोणी बंद केला गं? गार हवा बंद झाली ना!"

कारण तोवर बायकांनी शोध लावला होता. पंपाच्या मागच्या बाजूने फेकल्या जाणाऱ्या गार हवेत बादली ठेवली, की दोन तासांत पाणी निवतं. म्हणजे उन्हाने तापलेलं पाणी पंपाने आणखी तापवायचं, ते बादलीत भरायचं, आणि त्याच पंपासमोर थंड करायचं. गार हवा हवी तर पंप चालला पाहिजे. पंप चालायचा तर कोणीतरी गरम पाणी संपवलं पाहिजे. त्यासाठी पुरुषांनी आळीपाळीने कढत आंघोळी करायच्या ठरल्या. महमूदभाई लालबुंद होऊन बाहेर येत आणि ओरडत, "यल्ला, पुढचा कोण?"

गरम पाण्याचा खप तिप्पट झाला. समितीचा अंदाज खरा ठरल्याची नोंद झाली.

६. अंतिम बैठक

बादल्यांची रांग लागली. अध्यक्षाने स्वतःची बादली पुढे सरकवणं नियमात बसत नव्हतं. स्नेहलचा नंबर संध्याकाळी येई.

"शुक्रवारच्या बैठकीत सांगा सगळ्यांना," सुलोचना म्हणाली. "फक्त एवढंच सांगा, की आपलं चुकलं. जुनी टाकी अजून मागे पडलीय, जोडून घ्या म्हणावं. नाहीतर मी हिला घेऊन नाशिकला आईकडे जाते."

शुक्रवारी देवानंद उभा राहिला. घसा खाकरला. समोर सात बिऱ्हाडं, सगळ्यांच्या कपाळावर घाम.

"कोणाची काही हरकत?" त्याने विचारलं, आणि एखादा तरी हात वर होईल म्हणून बराच वेळ वाट पाहिली.

रात्रीच्या विमानाने सुलोचना आणि स्नेहल गेल्या. इमारतीतली दोन माणसं कमी झाल्यामुळे उरलेल्यांच्या वाट्याला येणाऱ्या गार हवेत दखल घेण्याजोगी वाढ झाली. अहवालात तिची यशाच्या सदरात नोंद आहे.

आणि वाचकहो, कोणत्या नळाला गार पाणी येतं, हे तुम्हाला पहिल्या कलमापासून ठाऊक होतं. तुम्ही सगळ्या बैठकांना बसलात, मधेमधे हसलातही. हरकत कोणी घेतली नाही. त्यामुळे ठराव सर्वानुमते संमत झाला असून, उपस्थितांमध्ये आपलंही नाव घेतलेलं आहे.