दोन चौक्या आणि बुटांची एक जोडी

"आजचा अर्धा दिवस माझा," शरयूने हॉटेलच्या खोलीतच बजावलं. "साडेअकराची बोट आहे. त्यात गडबड नको."

दिगंबर हसला. २००५च्या उन्हाळ्यात पुण्याहून अमेरिकेत क्युपर्टिनोला परतताना चार दिवस टोकियोत थांबायची कल्पना त्याची, मिनिटामिनिटाचं एक्सेल शीटही त्याचंच. त्या शीटपायी तीन दिवस कॅमेऱ्यांच्या आणि लॅपटॉपच्या दुकानांत गेले होते. शरयूच्या वाट्याला सुमिदा नदीतली ही एक फेरी तेवढी उरली होती, आणि संध्याकाळी फ्लाइट होती.

"डोन्ट वरी. आधी असाकुसाचं देऊळ करू. वीस मिनिटांत दर्शन, लगेच बोट," तो म्हणाला.

देवळाच्या पायऱ्यांशी त्याने सवयीने बूट काढले. बूट नवे कोरे होते, म्हणून त्याने खास घरचा बंदोबस्त केला. डावा एका खांबाआड ठेवला आणि उजवा पार पलीकडे, धुपाच्या मोठ्या भांड्यापाशी.

"बाबा, नोबडी एल्स इज टेकिंग देअर शूज ऑफ," दहा वर्षांची सई म्हणाली.

"लोकांचं सोड गं. एकटा बूट कोण चोरणार? सारसबागेत एवढी वर्षं गेलो, एकदा तरी बूट गेले का माझे?"

इथेही चोरले कोणीच नाहीत. पण टोकियोत बेवारस वस्तू दिसली की लोक ती पोलिसांकडे पोचती करतात. दर्शन घेऊन हे तिघं बाहेर येईपर्यंत डावा बूट एका आजीबाईंनी पुढच्या चौकीत दिला होता आणि उजवा एका शाळकरी मुलीने मागच्या. पायऱ्या झाडणाऱ्या माणसाने हातवारे करून दोन्ही दिशा दाखवल्या.

पुढच्या चौकीतल्या पोलिसाने बूट पट्टीने मोजला आणि फॉर्म काढला.

"व्हेअर यू लूज?"

"नॉट लूज. आय केप्ट."

"वन शू?"

"टू शूज, टू प्लेसेस. बिकॉज ऑफ थीफ!" दिगंबरने ठासून सांगितलं.

'थीफ' ऐकताच पोलीस ताडकन उभा राहिला. त्याने साहेबांना बोलावलं, साहेबांनी दुभाषीण बोलावली आणि चोरीचा चार पानी फॉर्म सुरू झाला. त्यात चोराच्या वर्णनाचा रकानासुद्धा होता. चोर नाहीच हे पटल्यावर ती तक्रार मागे घेण्याचा वेगळा फॉर्म आला. उजव्या बुटाचं सगळं मागच्या चौकीत व्हायचंच होतं.

अकरा वीस झाले. शरयूचा पडलेला चेहरा पाहून दिगंबरला मनापासून वाईट वाटलं. तिचा एकुलता एक अर्धा दिवस आपण मोज्यांवर उभे राहून वाया घालवतोय!

"तुम्ही दोघी जा," तो म्हणाला. "मी हँडल करतो."

शरयूने "नक्की ना?" असंही विचारलं नाही. सईचा हात धरून ती धावलीच.

दोन वाजता दोघी परत आल्या. बोटीतून उतरून एका बागेत त्या घड्याळ न बघता तासभर बसल्या होत्या, ठेल्यावरचं आइस्क्रीम दोनदा खाल्लं होतं आणि परतीची एक बोट मुद्दाम सोडली होती. दिगंबर दोन्ही बूट घालून ऐटीत उभा होता.

"बघितलंस? जोडी सेफ! आयडिया शंभर टक्के वर्क झाली." मग त्याचा आवाज जरा उतरला. "पण सॉरी यार. मी नव्हतो ना बरोबर."

"सॉरी काय त्यात?" शरयू अगदी मायेने म्हणाली. "पुढच्या वर्षी आपण क्योटोला जाऊ. तिथे म्हणे गल्लोगल्ली देवळं आहेत."