पुस्तक पोचलं

वाचकाचा अभिप्राय हा लेखकाचा प्राणवायू होय, असे चंडीगडच्या एका मराठी मंडळाने वार्षिक सभेत एकमताने मान्य केले, आणि मग बटाटेवडे आले.

डॉ. विश्वास करमरकरांना हा प्राणवायू बरेच दिवस मिळाला नव्हता. जन्मभर त्यांनी भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं. माणसं समोर आली की डोळे मिटायची, आणि त्यात त्यांना कधी काही वावगं वाटलं नाही. निवृत्तीनंतर लिहायला बसले तेव्हा मात्र लोकांनी डोळे उघडे ठेवावेत एवढी त्यांची माफक अपेक्षा होती. आणि लिहिलं तरी किती तऱ्हेचं! 'घोरणाऱ्यांचे मानसशास्त्र' झालं, 'सेक्टर बावीसमधला खून' झाला, 'स्पिती: एक दमछाक' हे प्रवासवर्णन झालं, शिवाय 'धुकं माझं नव्हे' हा कवितासंग्रह. चार वाटांनी गेलो आणि एकाही वाटेवर कुणी भेटलं नाही, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. पाचवं पुस्तक आईवर लिहायचं होतं. पहिली काही पानं झालीही होती, पण आपलं कुणीतरी खरंच वाचतंय हे कळल्याशिवाय हात पुढे चालेना.

म्हणून त्यांनी मंडळाच्या तमाम सभासदांना, मोहालीपासून मनीमाजऱ्यापर्यंत, चारही पुस्तकं कुरियरने पाठवली. लवकरच मोबाइलवर उत्तरं येऊ लागली. "सर, पोचलं." "पोचलं जी, धन्यवाद." "चारही पोचली, एकदम पक्का."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. "लीना, अगं, पोचलं म्हणताहेत लोक!"

"कुरियर पोचलं म्हणताहेत," लीनाताई कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या.

"तुला साहित्यातलं काय कळतंय? शब्द वाचकापर्यंत पोचणं ही फार मोठी गोष्ट असते. हे बघ, राजाभाऊ लिहितात, 'थेट पोचलं.'"

"मग, वॉचमनकडे ठेवलं नसेल त्यांचं."

राजाभाऊ म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. इतक्या लोकांपर्यंत पोचलंय तर अभिप्रायांचा एक कार्यक्रम करावा, असं डॉक्टरांनी त्यांना सुचवलं. राजाभाऊंना नाही म्हणता येईना, कारण नाही म्हणायचं तर पुस्तकं वाचलेली असावी लागतात. त्यांनी रीतसर 'अभिप्राय संकलन उपसमिती' नेमली. पहिल्याच बैठकीत एक किरकोळ अडचण उघड झाली. उपसमितीत कुणीच काही वाचलेलं नव्हतं.

दुसरी एखादी समिती इथे हात टेकून मोकळी झाली असती. राजाभाऊंनी ठराव मांडला: "ज्या अर्थी पुस्तक वाचलेल्या माणसाचं मत आधीच बनलेलं असतं, त्या अर्थी निःपक्षपातीपणाच्या दृष्टीने वाचलेल्या सभासदांनी अभिप्राय देऊ नये." ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. कुणी कशावर बोलायचं हे मुखपृष्ठाच्या रंगावरून ठरलं, म्हणजे फोटोत साडीला आणि जॅकेटला शोभून दिसेल असं.

कार्यक्रमाला हॉल भरला. निळ्या जॅकेटमुळे घोरण्याचं पुस्तक वाट्याला आलेले विंग कमांडर शिशिर आधी उभे राहिले. "काय लिहिलंय यार डॉक्टरांनी! शेवटच्या पानापर्यंत पत्ता लागत नाही, कोणी केलं ते."

डॉक्टर पहिल्या रांगेत जरा चुळबुळले. मग त्यांच्या मनात आलं, नवराबायकोत नेमकं घोरतं कोण हे खरंच शेवटपर्यंत कुणी कबूल करत नाही. किती खोल शिरलाय हा माणूस! पुढे राजाभाऊंनी खुनाच्या कादंबरीतल्या हिरव्यागार निसर्गाची तारीफ केली, आणि डॉक्टरांनी तीही मान डोलावून घेतली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून विनया उठली. ही साताऱ्याची मुलगी विद्यापीठात संशोधन करते, जवळच्याच खरड गावात भाड्याने राहते. मंडळात नवीन असल्यामुळे ठरावाचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मी चारही वाचली," ती म्हणाली. हॉलमध्ये एकदम कुजबुज सुरू झाली. "खुनाचं काही जमलेलं नाही. ज्याचा खून होतो तोच दोन प्रकरणांनी चहा पिताना दिसतो. कविता ओढूनताणून वाटल्या. पण स्पितीच्या पुस्तकात सरांची आई गाडीत बसल्या बसल्या विचारते, 'विशू, तू आता घरी कधी येणार रे?' आणि सर लगेच त्या घाटाची उंची सांगायला लागतात. मला तिथे रडू आलं. लिहायचं होतं ते तिथेच होतं सर, आणि तिथूनच तुम्ही पळालात."

ते वाक्य लिहिताना डॉक्टरांना पेन खाली ठेवावं लागलं होतं. ते कधी कुणाच्या नजरेस पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. याच वाचकाची तर ते इतकी वर्षं वाट बघत होते. आणि तो आला, तर भर सभेत अंगावरचा सदरा कुणीतरी काढून नेल्यासारखं झालं.

राजाभाऊ लगबगीने माइकपाशी आले. "सदर अभिप्राय ठरावाच्या विरोधात आहे. ताईंनी वाचलेलं आहे, तसं त्या स्वतःच कबूल करताहेत. लेखकाची हरकत नसेल तर इतिवृत्तातून वगळू या."

सगळे डॉक्टरांकडे बघू लागले. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वगळा," ते म्हणाले.

परतताना गाडी लीनाताई चालवत होत्या. "आता आईंचं लिहाल ना? एक तरी वाचक सापडला तुम्हाला."

"लिहिणार. उद्याच बसतो."

"मग पहिली प्रत विनयाला देऊ या."

"छे, छे. तिला नको." डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले. "ती वाचेल."

बाकी सगळ्यांना प्रती जायच्या आहेत. तुम्हालाही एक येईल. तुमच्या बाबतीत डॉक्टर अगदी निर्धास्त आहेत.